खोक्यातला वाघ

मे महिन्यात चंद्रपूरला जो आपणहून येतो, त्याला एक तर वाघ पाहायचा असतो, नाही तर मुलगी. ४७ अंशांत घराबाहेर पडायला याहून हलकं कारण पुरत नाही. वाघवाले लगेच ओळखू येतात. त्यांचे कपडे पाचोळ्याच्या रंगाचे असतात, गळ्यात हातभर लांब कॅमेरा असतो आणि ताडोब्याच्या मोहर्ली गेटातून परतताना ‘साइटिंग झालं का?’ एवढं विचारलं की चेहऱ्यावरूनच उत्तर कळतं. मुलगीवाले ऊन चढायच्या आत पोहे आटोपून निघतात. साइटिंग झालं की नाही, ते आठवड्यानं फोनवर कळवतात.

यंदा आमच्याकडे तिसऱ्याच जातीचा पाहुणा उतरला. हिच्या पुण्याच्या बहिणीचा मुलगा. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, पगाराचा आकडा ऐकून आमच्या पेन्शननं मान खाली घालावी असा. सामान मात्र अजब. सोनारांचं भिंग, रंगकामाचा ब्रश, रबरी हातमोजे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली.

“काका, मी शिकारीला आलोय,” कूलरसमोर बसकण मारत तो म्हणाला.

ही पिठाच्या हातानंच बाहेर आली. मी उभी नोकरी सरकारी भांडारात काढलेला माणूस. मला कायदा आधी सुचतो. “बाबा रे, १९७२ पासून शिकार बंद आहे. ससा मारलास तरी वनखातं उचलून नेईल.”

“वाघाची नाही हो. प्रोसेसरची!”

मग त्यानं जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात मदरबोर्डावर एक चौकोनी चकती बसवलेली असते. तिला प्रोसेसर म्हणतात. नवा प्रोसेसर बाजारात आणायच्या आधी कंपनी त्याचे थोडे नमुने करते आणि मदरबोर्ड बनवणाऱ्यांकडे तपासायला पाठवते. या नमुन्यांना इंजिनिअरिंग सँपल म्हणायचं. इंटेलच्या अशा नमुन्यावर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं छापलेलं असतं. विक्रीच्या मालाचा क्रमांक ‘एस’ अक्षरानं सुरू होतो, नमुन्याचा ‘क्यू’नं. आमच्या ताडोब्यातल्या वाघांना टी-क्रमांक असतात, त्यामुळे एवढा भाग मला पटकन कळला. अडलं ते पुढे. नमुना हा कायम कंपनीच्याच मालकीचा. तो विकायचा नसतो.

“मग तो बाहेर येतो कसा?” मी विचारलं.

“काका, तुम्ही भांडारपाल होता ना? मग मलाच काय विचारता?”

मी विषय बदलला.

नमुन्यांतही उच्चनीच आहे. काही नमुने अशा प्रोसेसरचे असतात की जे पुढे रीतसर विकले गेले. ते आपले बिबटे. दिसले तर बरं, नाही दिसले तर रात्र वाया गेली असं कोणी म्हणत नाही. खरा वाघ म्हणजे जो प्रोसेसर आखला, जाहीर केला, त्याचे नमुनेही काढले आणि मग कंपनीनं अख्खा बेतच रद्द केला तो. असा एखादा हाती लागावा म्हणून जगभरची शहाणीसुरती माणसं उकिरडे उपसत हिंडत असतात. ज्या प्रोसेसरनं दहा-दहा वर्षं तलाठ्याचे सातबारे काढले, त्याला किलोचा भाव. आणि जो एक दिवस कामावर आला नाही, त्याची काचेच्या पेटीत प्रतिष्ठापना. हे ऐकून मला नोकरीतली बरीच माणसं आठवली. त्यांना आपण उगाच नावं ठेवली, असंही वाटून गेलं.

जेवताना त्यानं हरवलेल्या वाघांची यादी सांगायला घेतली. पहिला टिम्ना. इंटेलच्या इस्रायलमधल्या हैफाच्या केंद्रात स्वस्तातल्या कॉम्प्युटरसाठी आखलेला. चित्र दाखवणारा भाग आणि मेमरी सांभाळणारा भाग दोन्ही त्याच्या पोटातच. पण तो ज्या जातीच्या मेमरीवर बेतला होता ती स्वस्त होईना, त्यामुळे २००० साली स्वस्त कॉम्प्युटरचा हा बेत महागाईनं संपला. दुसरा तेजस.

“आपल्या देशपांड्यांचा?” हिनं विचारलं.

“नाही गं मावशी, इंटेलचा.” हा तेजस पेंटियम फोरनंतर गादीवर बसायचा होता. मे २००४ मध्ये इंटेलनं तो सोडून दिला. कारण एकच, तापायचा फार. त्याचा २.८ गिगाहर्ट्झचा नमुना दीडशे वॅट घेतो, अशा बातम्या त्या वेळी आल्या होत्या.

“दीडशे वॅटला घाबरले?” मी म्हणालो. आमच्या इथलं महाऔष्णिक वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं आहे. त्याला गावाबाहेर दगडी कोळशाच्या खाणींची सोबत आहे आणि वर जगातल्या तापमानाच्या याद्यांत झळकणारं ऊन आहे. चंद्रपूरचा माणूस इतक्यावरही रद्द झालेला नाही. तेजसला इकडे पाठवला असता तर तो वाळ्याच्या ताट्या लावून, दुपारी झोपून आणि कांदा खिशात ठेवून सहज निभावला असता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलनं ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोरही रद्द केला. तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत भर मंचावर, गमतीत का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. हे ऐकून मी हातातला घास खाली ठेवला. जाहीर केलेली गोष्ट झाली नाही म्हणून मंचावर गुडघे टेकायचे! ही चाल विदर्भात आली तर निवडणुकीच्या सभेला व्यासपीठाऐवजी गाद्या घालाव्या लागतील.

मला सगळ्यांत आवडला तो १९८७ च्या सुमाराचा ३८६. सुरुवातीच्या काही ३८६ प्रोसेसरांना ३२ बिटांचा गुणाकार कधीकधी चुकायचा. कंपनीनं सगळे तपासले. उत्तीर्ण झाले त्यांच्यावर सिग्मा या ग्रीक अक्षराची जोडी छापली आणि नापासांच्या माथ्यावर शिक्का मारला, ‘फक्त १६ बिट सॉफ्टवेअरसाठी’. आणि तेही विकले! माझ्या सेवेत अशा क्षमतेचे कितीतरी सहकारी होऊन गेले. शेरा गोपनीय अहवालात मारावा लागायचा आणि माथा कोरा राहायचा, म्हणून ते बढतीला पात्र ठरत.

पेंटियमची गोष्ट तर पेपरांतही गाजली होती. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका गणिताच्या प्राध्यापकाला त्याच्या भागाकारात चूक सापडली. इंटेलनं आधी ‘सामान्य माणसाला काही फरक पडत नाही’ असं आमच्या साहेबांना शोभेलसं उत्तर दिलं आणि शेवटी ४७.५ कोटी डॉलरचा फटका सोसून ते प्रोसेसर बदलून दिले. परत आलेल्या चुकार पेंटियमच्या किल्ल्यांच्या साखळ्या केल्या. आता त्या साखळ्याही लोक जमवतात. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्मानं पुण्याचे, हे भाच्यानं आपणहून सांगितलं. त्यांचं शिक्षण दिल्लीत झालं, हे मी खोदून विचारल्यावर सांगितलं.

मग मीही सोडलं नाही. “आणि विजय भटकर कुठले?”

“पुण्याचे. सी-डॅक.”

“गाव मुरंबा, जिल्हा अकोला. इंजिनिअरिंग नागपूरला.” एवढं सांगून मी ताक प्यायलो.

या भटकरांच्या महासंगणकातही भाच्याचा एक वाघ दडलेला निघाला. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे टी-८०० नावाचे प्रोसेसर होते. त्यांच्या जागी पुढे टी-९००० यायचा होता. टी-९००० म्हटल्यावर मला क्षणभर मोहर्लीचीच एखादी वाघीण वाटली. पण ही पाणवठ्यावर आलीच नाही. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, कबूल केलेला वेग काही गाठता येईना आणि शेवटी सगळं गुंडाळलं. पुण्याच्या मंडळींनी वाट पाहत न बसता ‘परम ९०००’मध्ये सुपरस्पार्क बसवले आणि काम पुढे नेलं.

“म्हणजे सुपरस्पार्क कामाला आला,” मी म्हणालो.

“हो, पण त्याला कोण विचारतो? तो मिळतो.”

व्हाइटफिल्डचंही तेच. बंगळुरूच्या व्हाइटफिल्ड उपनगराचं नाव मिरवणारा, तिथल्याच इंटेलच्या केंद्रात आखला गेलेला हा चार कोअरचा सर्व्हर प्रोसेसर. २००५ मध्ये रद्द झाला. पुढे २००८ मध्ये त्याच बंगळुरूच्या मंडळींनी सहा कोअरचा डनिंग्टन यशस्वी करून बाजारात आणला. व्हाइटफिल्ड म्हणताना भाच्याचा गळा दाटून आला. डनिंग्टनचं नाव त्यानं पोळी मागताना उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पडोलीच्या रस्त्याला एका कबाडीवाल्याकडे गेलो. भाच्यानं मुंबईच्या सिनेमात ऐकलेल्या हिंदीत सुरुवात केली. कबाडीवाल्यानं खर्रा गालात सारला. “मराठीत बोला नं जी. हिंदी बोलले का भाव वाढते.”

“जुने प्रोसेसर आहेत का?”

“सोन्याचे पायजे का बिनसोन्याचे?”

भाचा चमकला. मला त्यात नवल वाटलं नाही. जुन्या सिरॅमिकच्या प्रोसेसरांना सोन्याचा मुलामा असतो. १९९५ चा पेंटियम प्रो तर सोन्यासाठीच नावाजलेला. आमच्याकडचा माल नागपूरला जातो, नागपूरचा दिल्लीला, आणि तिथे गल्लीबोळांत तो ॲसिडच्या टबात बुडवून त्याचं सोनं काढतात. ई-कचऱ्याचे नियम २०११ पासून आहेत, पुढे २०१६ आणि २०२२ मध्ये ते आणखी कडकही झाले. पण गल्लीत अजून ॲसिडच पाळलं जातं.

“अहो, त्यात एखादा दुर्मिळ असेल! ॲसिडमध्ये काय टाकता?”

“मंग काय पूजा करू?” कबाडीवाला म्हणाला.

पोतं उपडं झालं. भाचा मांडी घालून बसला, ब्रशनं एकेकाची धूळ झाडू लागला आणि मग त्यानं खिशातून ते भिंग काढलं. तिथेच सगळं बिघडलं. ज्या पोत्याला पाच मिनिटांपूर्वी किलोचा भाव होता, त्यातला एकेक नग कबाडीवाला आता स्वतःच उचलून उजेडात धरून पाहू लागला. जंगलातही असंच होतं. एक जिप्सी थांबून दुर्बीण लावते, मागच्या बारा जिप्स्या तिथेच थांबतात. पुढे बुंधा असला तरी त्याला तासभर वाघाचा मान मिळतो.

पोत्यात निघाले ते सगळे सेलेरॉन आणि पेंटियम फोर. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीची लाट आली. सरकारी नोकराला ते प्रमाणपत्र लागू लागलं आणि जिथे एसटी दिवसातून एकदा जायची, तिथेही कॉम्प्युटरचा क्लास निघाला. त्या क्लासांची ही अस्थिफुलं. या प्रोसेसरांवर ग्रामसेवक, मास्तर, वनरक्षक, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका असा निम्मा जिल्हा माउस धरायला शिकला. भाच्याच्या हिशेबी त्यांची किंमत शून्य. ते निघाले, विकले गेले, राबले आणि मेले. संग्रहात जाण्यासारखं त्यांनी काही केलंच नव्हतं.

“असे नको. कॉन्फिडेन्शियल लिहिलेला असेल तर दाखवा.”

“तसं सांगा नं मंग!” म्हणत कबाडीवाला आत गेला आणि रद्दीचा गठ्ठा घेऊन आला. वर लाल शाईत शिक्का होता, ‘गोपनीय’. कुठल्याशा कार्यालयातले जुने गोपनीय अहवाल होते. भाचा हताश झाला, पण मी वरचे चार चाळून पाहिले. १६ बिटांच्या वर एकही नव्हता.

चंद्रपुरात साइटिंग झालं नाही म्हणून भाच्यानं गडचिरोलीचा हट्ट धरला. त्याचं तर्कशास्त्र सरळ होतं. वाघ दाट जंगलात सरकतो, तसा जुना मालही लांबच्या गावांत शिल्लक राहतो. मूल, सावली, व्याहाड करत आम्ही वैनगंगेचा पूल गाठला. पलीकडे नाक्यावर गाडी थांबवली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि भाच्याच्या पिशवीत ९९ टक्के अल्कोहोल होतं.

“हे काय?”

“अल्कोहोल. आयसोप्रोपिल,” भाचा प्रामाणिकपणे म्हणाला. पुण्याच्या माणसाला कुठे प्रामाणिक राहू नये ते कळत नाही.

“कोनाले पाजता?”

“प्रोसेसरला. म्हणजे पुसायला.”

हवालदारानं बाटलीचा वास घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि विचारलं, “प्रोसेसर म्हंजे कोन लागते तुमचा?” शेवटी माझं निवृत्तिवेतनधारकाचं ओळखपत्र दाखवून आणि हवालदाराला रुमालभर अल्कोहोलनं त्याच्या मोबाइलची काच लख्ख पुसून देऊन आम्ही सुटलो.

गडचिरोलीत भर दुपारी एका टपरीवर बसलो. शेजारी एक निवृत्त गुरुजी वर्तमानपत्रानं वारा घेत होते. आम्ही काय शोधतो आहोत, असं त्यांनी विचारलं आणि भाच्यानं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. जाहीर झालेलं, नमुना निघालेलं, पण बाजारात कधी न आलेलं असं काही.

गुरुजी खुर्चीत सरसावून बसले. “मंग तुमी बराबर जागी आले जी.”

आणि त्यांनी एकेक नमुना काढायला सुरुवात केली. पहिला, गडचिरोलीची रेल्वे. २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्हा झाला. रेल्वे म्हणाल तर जिल्ह्याच्या एका कडेला वडसा, तिथवर. वडशाहून गडचिरोली काही फार लांब नाही, ५० किलोमीटरच्या आसपास. मार्गाला मंजुरी मिळूनच दशक उलटून गेलं. दुसरा नमुना, धरणं. तुलतुली, कारवाफा, चेन्ना. आखली, जाहीर केली, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात अडकली. तिसरा थोडा वेगळा, गोसीखुर्द. भूमिपूजन १९८८ मध्ये, खुद्द पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो १८ हजार कोटींवर गेला. “याले रद्द नाई म्हनत. थो चालूच हाय. तुमच्या कंपनीले हे जमते का?”

भाच्यानं कबूल केलं की इंटेललाही हे जमलेलं नाही.

“पण निघाला नाही ते बरंच झालं, असंही रायते,” गुरुजी म्हणाले. इचमपल्ली आणि भोपालपट्टणमची धरणं झाली असती तर केवढं जंगल आणि किती गावं पाण्याखाली गेली असती. १९८४ च्या सुमारास बाबा आमट्यांसह माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे तो बेत मागे पडला. ताडोब्याजवळची लोहाऱ्याची कोळसा खाण अशीच गुंडाळली गेली. ती झाली असती तर आज मोहर्लीला टोपीवाल्यांऐवजी डंपर दिसले असते. “तुमचा थो तेजस बी तसाच असन. निघाला असता तं घरं पेटवली असती.”

भाचा वहीत टिपून घेऊ लागला होता. पुण्याच्या माणसानं विदर्भात ऐकलेलं लिहून घ्यावं, हेच मुळात दुर्मिळ साइटिंग.

“या सगळ्यांत सर्वांत जुना नमुना कुठला?” त्यानं विचारलं.

“स्वतंत्र विदर्भ. १९५५.” गुरुजींनी जराही वेळ लावला नाही. “फाजल अली आयोगानं शिफारस केली, राजधानी नागपूर म्हनून सांगतली, सगळी आखनी कागदावर. अन् माल निघालाच नाई.”

“पण नमुना आहे कुठे? कोणी पाहिलाय?”

“दर निवडनुकीत दाखवतेत नं. हात लावू देत नाई.”

“आणि मालकी?”

“कंपनीची.”

परतीच्या वाटेवर भाचा गप्प होता. सिरोंच्याजवळ वडधमला कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत, पाहायचे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “नको काका. ते सगळे एकदा बाजारात येऊन गेलेले.”

त्याचं तोंड पाहून मला राहवलं नाही आणि मी त्याला त्या खोक्याबद्दल सांगितलं.

खोक्यांबद्दल हल्ली महाराष्ट्रात जपून बोलावं लागतं, म्हणून आधीच खुलासा करतो. हे पुठ्ठ्याचं खोकं आहे. मी ज्या कार्यालयात भांडारपाल होतो त्या कार्यालयाच्या भांडारात, मागच्या भिंतीशी, मोडक्या सायकलींच्या खाली ते आहे. नाव सांगत नाही. निवृत्तिवेतन त्याच कार्यालयातून निघतं. एका ३१ मार्चला निधी परत जाऊ नये म्हणून घाईघाईनं एक कॉम्प्युटर खरेदी झाला. त्या काळी कॉम्प्युटरला एसी लागतो असा समज होता. एसीला मंजुरी नव्हती, म्हणून खोकं उघडलं नाही. दोन वर्षांनी एसी आला. तो साहेबांच्या खोलीत बसला, म्हणून खोकं उघडलं नाही. पुढे तांत्रिक तपासणी झाल्याशिवाय सील तोडू नये असं पत्र आलं. तपासणी करणारं पद रिक्त होतं. ते तसंच राहिलं. दरम्यान एसी बिघडला, साहेब बदलले, कॉम्प्युटर टेबलावरून मांडीवर आणि मांडीवरून खिशात गेले. खोकं जागचं हललं नाही.

“म्हणजे सील तसंच आहे?” भाच्याचा आवाज कापत होता. “त्यावर काही लिहिलंय?”

दुसऱ्या दिवशी नव्या भांडारपालाला चहा पाजून आम्ही आत शिरलो. सायकली बाजूला केल्या. खोक्यावरची पट्टी भाच्यानं ब्रशनं झाडली, भिंग लावलं आणि तो मटकन खाली बसला. ‘पेंटियम थ्री, १.१३ गिगाहर्ट्झ.’

याची कथा अशी की इंटेलनं जुलै २००० च्या अखेरीस हा प्रोसेसर जाहीर केला. काही परीक्षकांच्या लक्षात आलं की तो मोठ्या कामाला बसवला की अडखळतो. ऑगस्ट संपायच्या आत इंटेलनं तो परत मागवला. त्याच वेगाचा सुधारलेला प्रोसेसर मग २००१ मध्ये आला. त्यामुळे पहिल्या घाण्यातला, परत न गेलेला नग म्हणजे संग्राहकांच्या लेखी पट्टेदार नर. भाच्याचा हिशेब लगेच तयार झाला. खरेदी मार्च २००१ ची असेल, तर कोणीतरी परत मागवलेलाच माल शोधूनही सापडणार नाही अशा जिल्ह्यात खपवला. मार्च २००२ ची असेल, तर आत सुधारलेला, म्हणजेच भंगार.

खोक्याला पावती चिकटवलेली होती. तिच्यावर तारीख होती ३१.३.२००, आणि त्यापुढे वाळवीनं खाल्लेलं भोक.

“काका, तुम्ही तेव्हा इथेच होता. कोणतं साल?”

“अरे, दर मार्चला इथे डोंगराएवढी खोकी यायची. त्यातलं एक कोण लक्षात ठेवतो?”

“मग उघडून बघू!”

नवा भांडारपाल आडवा आला. डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे सरकारी मराठीत जडवस्तू संग्रह नोंदवही, त्यात या वस्तूची नोंद होती. ती बाहेर काढायची तर निर्लेखन करावं लागेल. निर्लेखन त्याच वस्तूचं होतं जी वापरून वापरून निरुपयोगी झाली आहे. ही वस्तू वापरलेलीच नाही, तेव्हा ती निरुपयोगी झाली असं लिहिता येत नाही. वापरायला काढावी तर तांत्रिक तपासणी हवी. ते पद अजून रिक्त आहे. भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अभिमानानं मान हलवली. ही व्यवस्था मीच घालून दिली होती.

पुण्याला पोचताच भाच्यानं दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, ‘सदर खोक्यात कोणता प्रोसेसर आहे याची माहिती मिळावी.’ मुदतीत उत्तर आलं. ‘आपण मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नसून ती खोक्यात उपलब्ध आहे.’ त्यानं पहिलं अपील केलं. त्याची सुनावणी लागायच्या आत मात्र गंमत झाली. त्यानं आपल्या संग्राहक मित्रांना खोक्याचा फोटो पाठवला होता. त्यावर विचारणा सुरू झाल्या. एकानं भाव सांगितला, दुसऱ्यानं तो चढवला, तिसऱ्यानं अट घातली की सील तोडायचं नाही. आता भाच्याच्या ध्यानात आलं की उघडल्यावर निम्मी शक्यता भंगाराची. त्यानं अपिलातली मागणी बदलली, ‘सुनावणीचा निर्णय लागेपर्यंत खोकं कोणीही उघडू नये.’ कार्यालयानं ती तत्काळ मान्य केली. माहितीच्या अधिकाराच्या इतिहासात अर्जदार आणि कार्यालय यांचं इतकं एकमत क्वचितच झालं असेल.

या पत्रव्यवहारानं कार्यालयालाही जाग आली. कधी उघडली नाही अशा वस्तूला एवढं गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर एक समिती नेमली गेली. समितीनं पहिल्याच बैठकीत भांडाराला दुसरं कुलूप ठोकलं आणि दुसऱ्या बैठकीत ठरवलं की खरेदीचं साल निश्चित करण्यासाठी तत्कालीन भांडारपालाचा जबाब घ्यावा. परवा मला रीतसर पत्र आलं. भाच्याचाही रोज फोन येतो. हीसुद्धा विचारते, “आठवत नाही का हो तुम्हाला खरंच?”

न आठवायला काय झालं? पावतीवर सही माझीच आहे. साल मला चांगलं ठाऊक आहे. पण एवढे दिवस भाच्याबरोबर उन्हातान्हात हिंडून मी काहीतरी शिकलो आहे. समितीला मी कळवून टाकलं, ‘विषयांकित बाब स्मरणात नाही.’ माहिती एकदा बाजारात आली की तिला कोण विचारतो?